एअरबॅग असलेल्या मोटारगाडीत ध्वनिसंच बसविणे

एअरबॅग असलेल्या मोटारगाडीत ध्वनिसंच बसविणे म्हणजे बाहेरून विकत घेतलेला रेडिओ वा स्पर्शपडदा, स्पीकर, ट्वीटर, ॲम्प्लिफायर, सबवूफर इत्यादी उपकरणे गाडीतील एअरबॅग प्रणालीच्या तारा, संवेदक आणि नियंत्रक यांना बाधा न आणता जोडण्याचे काम होय. ध्वनिसंच आणि एअरबॅग यांचा कार्याच्या दृष्टीने परस्परांशी काही संबंध नाही. परंतु दोघांच्याही वाट्याला गाडीतील जवळजवळ त्याच जागा आलेल्या आहेत. डॅशबोर्ड, स्टिअरिंग, दरवाजे, काचेलगतचे खांब, सीटखालची पोकळी आणि पायाखालच्या गालिच्याखालून जाणारे वायरिंग या सर्व ठिकाणी ते शेजारी शेजारी असतात.

या कामातील धोका दुहेरी आहे. काम चालू असताना एअरबॅग अकस्मात उघडून कारागिराला इजा होणे हा त्यातील ठळक आणि अधिक चर्चिला जाणारा धोका. दुसरा धोका असा, की काम व्यवस्थित झाल्यासारखे दिसते, गाणी उत्तम वाजतात, आणि पुढे अपघात झाल्यावर एअरबॅग उघडतच नाही. हा दुसरा धोका अधिक गंभीर मानला पाहिजे, कारण तो वर्षानुवर्षे लपून राहू शकतो आणि त्याची किंमत कारागीर नव्हे, तर गाडीत बसणारे मोजतात.

मराठीत एअरबॅगसाठी ‘हवेची पिशवी’, ‘वातपिशवी’ असे शब्द अधूनमधून योजले जातात. व्यवहारात मात्र ‘एअरबॅग’ हाच शब्द रुळला असल्यामुळे या लेखात तोच वापरला आहे.

पार्श्वभूमी

फुगणाऱ्या पिशवीने प्रवाशाला वाचविण्याच्या कल्पनेचे एकस्व अमेरिकेत जॉन हेट्रिक यांना १९५३ मध्ये मिळाले. प्रत्यक्ष वापर रुळण्यास पुढे अनेक दशके लागली. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठीही एअरबॅग सक्तीच्या झाल्या. भारतात चालकासाठीची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून, तर आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलांना मुदतवाढीनंतर २०२१ च्या अखेरपासून लागू झाली. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये मांडला गेला होता, पण तो सक्तीच्या रूपात अमलात आला नाही. तरीही अनेक उत्पादकांनी सहा एअरबॅग देण्यास आपणहून सुरुवात केली.

या तारखांचा ध्वनिसंचाच्या धंद्याशी थेट संबंध आहे. भारतात गाडीचे सर्वांत स्वस्त रूप, ज्याला बाजारात ‘बेस मॉडेल’ म्हणतात, ते घेऊन म्युझिक सिस्टीम बाहेरून बसवून घेण्याची पद्धत जुनी आहे. ‘गाडीला टेप बसवला’ असे म्हटले जात असे त्या काळात अशा गाडीत एअरबॅग नसेच. डॅशबोर्डमागे हात घालणाऱ्या कारागिराला फार तर फ्यूज उडण्याची भीती असे. आता तेच बेस मॉडेल म्युझिक सिस्टीमविना, पण एअरबॅगसह येते. ज्या गाडीत बाहेरून काम करून घेण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच गाडीत आता हे नाजूक वायरिंग आले आहे. आणि हे काम करणाऱ्या अनेकांचा हात मात्र जुन्या गाड्यांवर बसलेला आहे.

एअरबॅग प्रणालीची विद्युत रचना

एअरबॅग, सीटबेल्ट क्षणार्धात आवळणारे प्रीटेन्शनर, धडक ओळखणारे संवेदक आणि या सर्वांचा नियंत्रक मिळून जी प्रणाली होते तिला एसआरएस असे संक्षेपाने म्हणतात. नियंत्रक बहुधा गाडीच्या मध्यरेषेवर, गिअरच्या दांड्याच्या पुढे किंवा मागे, जमिनीच्या पत्र्याला घट्ट बोल्ट केलेला असतो. त्याच्या आतच वेगातील अचानक बदल मोजणारा संवेदक असल्याने तो कोणत्या दिशेला तोंड करून बसवायचा हे ठरलेले असते आणि बऱ्याचदा त्याच्यावर गाडीच्या पुढच्या बाजूचा बाण छापलेला असतो. धडकेच्या वेळी निर्णय काही सहस्रांश सेकंदांत होतो आणि पापणी लवण्याच्या आत पिशवी पूर्ण फुगते. पिशवीचा बाहेर येण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो.

पिशवी फुगविणारा वायू एका रासायनिक गोळीच्या ज्वलनातून किंवा दाबाखाली साठविलेल्या वायूतून मिळतो. ही क्रिया सुरू करणाऱ्या छोट्या भागाला प्रज्वलक म्हणतात. त्यात एक अतिशय बारीक तार असते आणि तिचा विद्युत रोध सुमारे २ ओहम असतो. सुमारे १.२ अँपिअर प्रवाह केवळ २ सहस्रांश सेकंद वाहिला तरी प्रज्वलक पेट घेतो, अशी त्याची सर्वसाधारण घडण असते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण म्युझिक सिस्टीमच्या जोडणीत याहून कितीतरी मोठे प्रवाह सहज हाताळले जातात.

गाडी चालू असेपर्यंत नियंत्रक प्रत्येक प्रज्वलकाच्या मंडलातून अत्यंत क्षीण प्रवाह सोडून त्याचा रोध तपासत राहतो. रोध अपेक्षेपेक्षा वाढला, म्हणजे तार तुटली वा सांधा सैल झाला. घटला, म्हणजे दोन तारा एकमेकींना टेकल्या. अशा वेळी तो दोषाची नोंद करतो आणि चालकासमोरचा एअरबॅगचा दिवा लावतो. तारेत घातलेला एखादा जास्तीचा जोड, पिळून टेप गुंडाळलेला सांधा, एवढेही या तपासणीत दोष म्हणून पकडले जाण्यास पुरेसे ठरू शकते. याच कारणाने एअरबॅगच्या तारेला सांधा मारणे उत्पादकांना मान्य नसते. तार दुखावल्यास त्यांनी ठरविलेल्या पद्धतीनेच दुरुस्ती करावी किंवा संपूर्ण हार्नेस बदलावा, असे त्यांचे सांगणे असते.

एअरबॅगच्या कपलरमध्ये आणखी एक सोय असते. कपलर सुटताच आतील एक लहानशी धातूची पट्टी दोन्ही टोके एकमेकींना जोडते, जेणेकरून अंगावरील स्थिर विजेने प्रज्वलक पेटू नये. स्क्रू ड्रायव्हरने कपलर उचकटून काढल्यास ही पट्टी वाकते वा मोडते. बहुतेक कपलरांना आधी उचलायची एक वेगळ्या रंगाची बारीक कडी असते. ती न उचलता ओढाताण केली की बिघाड ठरलेलाच.

पिवळ्या रंगाचा घोटाळा

एअरबॅगचे कपलर आणि त्यांच्या तारांवरील आवरण बहुतेक गाड्यांत पिवळे असते. ‘पिवळ्याला हात लावू नका’ हा नियम त्यामुळे कारखान्यांतून आणि कार्यशाळांतून सर्वत्र शिकविला जातो. नियम चांगला आहे, पण अपुरा आहे. पिवळे आवरण काढल्यावर आतील तारा कोणत्याही रंगाच्या असू शकतात, आणि डॅशबोर्डच्या खोल भागात आवरण संपून त्या इतर तारांच्या जुडग्यात मिसळलेल्या असू शकतात.

याहून घातक गोष्ट अशी, की बाजारात मिळणाऱ्या म्युझिक सिस्टीमच्या वायरिंगमध्येही पिवळी तार असते आणि तिचा अर्थ अगदी निराळा असतो. तेथे पिवळी तार म्हणजे बॅटरीकडून सतत येणारा १२ व्होल्टचा पुरवठा, लाल म्हणजे चावी फिरविल्यावर मिळणारा पुरवठा आणि काळी म्हणजे अर्थ. ‘पिवळ्याला पिवळी’ जोडण्याची सवय असलेल्या नवशिक्या हाताला एकाच डॅशबोर्डमागे दोन अर्थांचा एकच रंग सापडतो. प्रज्वलकाच्या एका तारेला १२ व्होल्ट मिळाले आणि दुसरी कोठे गाडीच्या बॉडीला टेकलेली असली, तर २ ओहमच्या त्या तारेतून ६ अँपिअरपर्यंत प्रवाह वाहू शकतो, म्हणजे आवश्यकतेच्या पाचपट.

टेस्ट लॅम्पचा वापर

पुरवठ्याची तार शोधण्यासाठी कारागीर टेस्ट लॅम्प वापरतात. एका तारेला चिमटा, दुसऱ्या टोकाला टोकदार सुई आणि मध्ये एक बल्ब, अशी ही साधी वस्तू असते. पुष्कळ ठिकाणी ती जुन्या इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बपासून घरीच तयार केलेली असते. हा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर प्रवाह घेतो. बॅटरीचे धन टोक, हा बल्ब, प्रज्वलक आणि अर्थ असे मंडल चुकून पूर्ण झाले, तर बल्ब पूर्ण तापल्यावरही प्रज्वलकातून सुमारे १.३ अँपिअर प्रवाह जातो. थंड बल्बच्या तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या मानाने फारच कमी असल्याने पहिल्या क्षणी हा प्रवाह याहूनही मोठा असतो. म्हणूनच ५ वॉटचा लहान बल्ब वापरला म्हणजे निर्धास्त झालो, असे समजणे चूक आहे.

उच्च अंतर्गत रोध असलेला डिजिटल मल्टिमीटर व्होल्ट मोजण्यासाठी त्या मानाने निर्धोक आहे. तथापि, प्रज्वलकाचा रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम बाजूने थेट मोजण्यास उत्पादकांच्या दुरुस्ती-पुस्तिका मनाई करतात, कारण रोध मोजताना मीटर स्वतः प्रवाह सोडतो. खरे तर तारेत सुई खुपसून शोध घेण्याची गरजच पडू नये. गाडीच्या मॉडेलनुसार मिळणारा जुळणारा कपलर घेतला, तर मूळ वायरिंग न कापता सर्व जोडणी गाडीबाहेर टेबलावर करता येते. त्यासाठी पडणारे जास्तीचे पैसे वाचविण्याच्या नादात तारा कापल्या जातात, ही या धंद्यातील नित्याची गोष्ट आहे.

बॅटरी सोडविणे आणि थांबणे

काम सुरू करण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवितात. परंतु टोक सोडविल्याबरोबर एअरबॅग प्रणाली निर्जीव होत नाही. धडकेतच बॅटरी चिरडली वा तिची तार तुटली तरी एअरबॅग उघडावी, यासाठी नियंत्रकात कपॅसिटरच्या रूपाने राखीव ऊर्जा साठविलेली असते. ती ओसरेपर्यंत थांबणे आवश्यक असते. थांबण्याचा काळ गाडीगणिक बदलतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांसाठी ९० सेकंद, तर होंडाच्या अनेक गाड्यांसाठी ३ मिनिटे सांगितलेली आहेत. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत पाहणे हाच योग्य मार्ग होय.

प्रत्यक्षात ही पायरी बऱ्याचदा गाळली जाते. त्यामागे निव्वळ आळस नसतो. बॅटरी सोडविली की काही गाड्यांतील मूळ रेडिओ सांकेतिक अंक मागतो, घड्याळ मागे पडते, खिडकीच्या काचांची आपोआप बंद होण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते. हे टाळण्यासाठी गाडीच्या निदान-सॉकेटमधून वा सिगारेट-लायटरच्या सॉकेटमधून बारीक पुरवठा चालू ठेवणारे ‘मेमरी सेव्हर’ नावाचे उपकरण मिळते. इतर कामांना ते सोयीचे असले, तरी एअरबॅगच्या आसपास काम करताना ते लावणे म्हणजे बॅटरी न सोडविण्यासारखेच आहे. त्याच पुरवठ्यावर एअरबॅगचा नियंत्रकही जागा राहू शकतो.

काम संपल्यावरचा क्रमही महत्त्वाचा आहे. एअरबॅगचा कोणताही कपलर सुटा असताना ‘जरा आवाज ऐकून पाहू’ म्हणून चावी फिरविली, की नियंत्रक लगेच दोषाची नोंद करतो. पुढे कपलर लावला तरी बऱ्याच गाड्यांत ही नोंद आपोआप पुसली जात नाही. त्यासाठी स्कॅनर लागतो. बॅटरी पुन्हा जोडताना गाडीत कोणी बसलेले नसावे, असाही संकेत आहे.

जोडणीच्या जागा

डॅशबोर्ड. मधला संच बदलताना बाजूच्या पट्ट्या काढाव्या लागतात. शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग बंद आहे की चालू, हे दाखविणारा छोटा दिवा अनेक गाड्यांत याच पट्टीवर असतो. मोठ्या पडद्यासाठी बाजारातून आणलेल्या चौकटीत त्याला जागा नसली, तर तो आत लटकत राहतो किंवा काढून टाकला जातो. पुढच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची उलट तोंड करून ठेवणाऱ्या कुटुंबासाठी हा दिवा दिसणे किती महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या वरच्या पृष्ठभागाखाली असते आणि उघडताना तो पृष्ठभाग ठरलेल्या रेषेवर फाटतो. त्या भागावर ट्वीटर, मोबाइलचा स्टँड, अत्तराची बाटली वा गणपतीची मूर्ती चिकटविल्यास ती वस्तू एअरबॅगबरोबर प्रवाशाच्या चेहऱ्याच्या दिशेने फेकली जाते. मूर्ती ठेवायचीच असेल तर ती या भागापासून दूर आणि अगदी लहान, हलकी असावी.

स्टिअरिंग. स्टिअरिंगवर आवाज कमी-जास्त करण्याची बटणे बसविण्यासाठी चालकाची एअरबॅग काढावी लागते. हे काम दुकानाच्या दारात, रस्त्याकडेला करण्याचे नव्हे. काढलेली एअरबॅग अंगापासून दूर तोंड करून उचलतात आणि ठेवताना तिची सजावटीची बाजू वर ठेवतात. उलटी ठेवलेली एअरबॅग चुकून उघडली तर ती स्वतःच उडते. स्टिअरिंगखाली घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक चपटी केबल असते, तिला ‘क्लॉक स्प्रिंग’ म्हणतात. एअरबॅग, हॉर्न आणि बटणे या तिन्हींच्या तारा तिच्यातूनच जातात. ती मध्यावर न ठेवता स्टिअरिंग बसविले, तर एका बाजूला पूर्ण वळण घेताना केबल ताणून तुटते. काम करून घेतल्यानंतर काही दिवसांनी हॉर्न वाजेनासा झाला, बटणे बंद पडली आणि एअरबॅगचा दिवा लागला, तर दोष बहुधा येथेच असतो.

सीटखाली. छोटा सबवूफर किंवा ॲम्प्लिफायर ठेवण्यास सीटखालची जागा सोयीची म्हणून लोकप्रिय आहे. सीटच्या कडेत बाजूची एअरबॅग असेल तर तिचा, तसेच प्रीटेन्शनरचा आणि प्रवासी बसला आहे की नाही हे ओळखणाऱ्या संवेदकाचा कपलर येथेच असतो. सीट पुढे-मागे सरकविताना या तारांना हालचालीसाठी थोडी ढिलाई ठेवलेली असते. त्या जागेत पेटी ठोकली, की तारा पेटीच्या कडेला घासू लागतात. सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊन तारा ताणल्या जात नाहीत ना, हे पाहणे ही पाच सेकंदांची तपासणी आहे, पण ती क्वचितच होते. अनेक दुकानांत सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम एकाच वेळी बसवून घेतली जाते. सीटमध्ये एअरबॅग असेल, तर ती बाजू शिवून बंद करणारे कव्हर एअरबॅगचा मार्गच अडविते.

दरवाजे. काही गाड्यांत बाजूची धडक ओळखण्यासाठी दरवाज्याच्या पोकळीतील हवेचा दाब मोजणारा संवेदक असतो. दरवाजा चेपला की आतील हवा क्षणभर दाबली जाते आणि त्यावरून निर्णय होतो. ही कल्पना जितकी चतुर, तितकीच ती दरवाज्याच्या बंदिस्तपणावर अवलंबून आहे. मोठ्या स्पीकरसाठी आतील पत्र्याला भोक पाडणे, स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फट ठेवणे, किंवा आवाज दाबणाऱ्या डँपिंग शीटने संवेदकाचे तोंड झाकणे, यांमुळे दाब अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. दरवाज्यात फेरफार करून जास्तीचे स्पीकर बसवू नयेत, अशी सूचना यामुळेच अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत आढळते. मूळ मापाचा स्पीकर, मूळ जागी, रबरी कडेसह बसविणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय आहे.

खांब आणि छत. पुढच्या काचेलगतच्या खांबावर ट्वीटर बसविल्याने आवाज खुलतो, असे शौकिनांचे मत असते. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र ती छताच्या कडेतून खाली येते आणि खांबावरचे प्लास्टिकचे आवरण ठरलेल्या रीतीने बाजूला सरते. त्या आवरणाला भोक पाडून, मागून गोंद वा स्क्रू लावून ट्वीटर बसविला, तर एअरबॅग अडकू शकते किंवा ट्वीटर गोळीसारखा सुटू शकतो. अशा खांबाच्या आवरणावर ‘एअरबॅग’ अशी अक्षरे कोरलेली असतात. ती दिसली की ट्वीटरसाठी दुसरी जागा शोधावी.

उंबरठा आणि गालिचा. ॲम्प्लिफायरला लागणारी जाड तार बॅटरीपासून दरवाज्याच्या उंबरठ्याखालून डिकीपर्यंत नेतात. बाजूच्या संवेदकांच्या आणि प्रीटेन्शनरच्या तारा याच मार्गाने जातात, आणि मधल्या खांबाच्या पायथ्याशी संवेदक असतो. आंधळेपणाने मारलेला एक लांब स्क्रू येथे पुरतो. जाड तारेला बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असावा, म्हणजे ती कोठे घासून उघडी पडली तरी शेजारचे वायरिंग जळणार नाही. ॲम्प्लिफायरचा अर्थ सीटबेल्टच्या, सीटच्या किंवा एअरबॅग-नियंत्रकाच्या बोल्टला घेऊ नये. चावी चालू असताना नियंत्रकाजवळ हातोडीचे ठोके मारणे हेही टाळावे.

कंप आणि चुंबक यांविषयीचे समज

सबवूफरच्या दणक्याने एअरबॅग उघडते, असा एक समज प्रचलित आहे. नियंत्रक केवळ कंप पाहत नाही. गाडीचा वेग किती काळ आणि कोणत्या दिशेने झपाट्याने घटतो आहे, याचा आकृतिबंध तो पाहतो, आणि साधारणपणे एकाहून अधिक संवेदकांचे एकमत झाल्याविना प्रज्वलकाला प्रवाह सोडत नाही. आवाजामुळे पत्र्याला होणारी हालचाल मागे-पुढे होणारी आणि धडकेच्या मानाने अत्यल्प असते. तेव्हा या भीतीला फारसा आधार नाही. चुंबकाचे प्रकरण थोडे वेगळे आहे. जुन्या काळातील काही संवेदकांत चुंबकाने धरून ठेवलेली धातूची गोळी असे; १९९० च्या दशकापासून तिची जागा सिलिकॉनच्या सूक्ष्म संवेदकांनी घेतली आणि त्यांवर स्पीकरच्या चुंबकाचा परिणाम होत नाही. परंतु सीटची जागा ओळखणारे काही संवेदक चुंबकीय तत्त्वावर चालतात, म्हणून मोठ्या चुंबकाचा सबवूफर सीटच्या रुळाला खेटून ठेवू नये, हे बरे.

एअरबॅगचा दिवा

चावी फिरविल्यावर हा दिवा काही सेकंद लागून विझतो. तो विझलाच नाही, किंवा चालताना लागला, तर प्रणालीत दोष नोंदला गेला आहे. अशा वेळी दोष असलेला भाग, आणि काही गाड्यांत संपूर्ण प्रणालीच, बंद राहते. तो मुळीच लागला नाही, तर तेही तितकेच चिंताजनक आहे, कारण दिवाच काढून टाकलेला असण्याची शक्यता असते.

ग्राहकाची तक्रार मिटविण्यासाठी दिव्याची जोडणी तोडणे, किंवा एअरबॅगच्या कपलरमध्ये २ ओहमच्या आसपासचा रोधक खुपसून नियंत्रकाला फसविणे, हे प्रकार या व्यवसायाला काळिमा लावणारे आहेत. रोधक लावलेल्या गाडीत दिवा नियमाप्रमाणे लागतो, नियमाप्रमाणे विझतो, आणि धडकेच्या वेळी एअरबॅगऐवजी रोधक तापतो. वापरलेली गाडी विकत घेणाऱ्याला हे बाहेरून ओळखता येत नाही. गाडी ताब्यात देण्यापूर्वी आणि घेताना चावी फिरवून दिव्याचे लागणे-विझणे पाहणे, त्याचे मोबाइलवर चित्रण ठेवणे, आणि शक्य असल्यास एसआरएसचा स्वतंत्र भाग वाचणारा स्कॅनर लावणे, एवढे तरी दोन्ही पक्षांनी करावे. केवळ इंजिनाचे दोष दाखविणारा स्वस्त स्कॅनर यासाठी उपयोगी पडत नाही.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल वाहनमालकाला करता येत नाहीत. ध्वनिसंचाचा उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रात नसतो, त्यामुळे तो बदलल्याने सहसा या कलमाचा प्रश्न उपस्थित होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये अनुज्ञेय नसलेल्या फेरफारांसाठी प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. उत्पादकाच्या हमीचा प्रश्न मात्र अधिक वेळा उद्भवतो. मूळ वायरिंग कापलेले आढळल्यास विद्युत प्रणालीवरील हमी नाकारली जाऊ शकते. जुळणारा कपलर वापरून केलेली जोडणी पुढे काढून मूळ स्थितीत आणता येते. दुकानाकडून पावती घेताना तिच्यावर ‘वायर न कापता जोडणी’ असे लिहून घेण्याचा आग्रह काही जाणकार ग्राहक धरतात.